काढलेला धागा

सिलाओसच्या बायका कापडावर आधी काही घालत नाहीत,
आधी काढतात.
एक उभा धागा, मग एक आडवा,
आणि उरलेल्या विरळ जागेभोवती
सुईनं फूल उभं करतात, नाहीतर कोळ्याचं जाळं.
आई हेच करायची, जीभ दातांत धरून.

लुसेतच्या पोटऱ्या साऱ्या खोऱ्याला माहीत होत्या.
पिळलेल्या दोरासारख्या. शिरा इतक्या वर
की लहानपणी मी बोट फिरवून मोजायचे.
मसुराचं पोतं पाठीवर घेऊन ती चढ चढायची
आणि खालून पुरुष म्हणायचे,
हिच्या अंगावर बाईचं मांसच नाही.
कौतुकच होतं ते, तेव्हा.
चेहरा मात्र गोल, मानेला वळ्या.
दोन निराळ्या बायका
खांद्याशी एकत्र शिवल्यासारखी दिसायची.

चाळिशीत साखर निघाली.
मग पोटात ती कळ, स्वादुपिंड सुजलेलं,
आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचं एकच वाक्य:
मादाम, तुम्ही चोरून खाता.

ती घरी येऊन भात मोजायची.
मूठभर. मग अर्धी मूठ.
इन्सुलिनचे आकडे चढतच गेले,
बहिऱ्याशी बोलताना आपला आवाज चढतो तसे.
एकदा ती मिसाला गेलेली असताना
मी तिचं कपाट उघडलं.
बिस्किटं शोधत होते.
सापडले दोऱ्याचे गुंडे, तीन सुया,
आणि साखर एकदम उतरली तर म्हणून ठेवलेली
लिंबाची एकच गोळी.
कागदसुद्धा उलगडलेला नव्हता.

हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आता मी सें-पिएरच्या इस्पितळात
लोकांचं रक्त यंत्रात फिरवते.
यंत्र थांबलं की खाली लाल गाळ, वर निवळ पिवळं पाणी.
काही नळ्यांत मात्र वर दूध.
खरंच दूध, रात्रभर ठेवलं तर साय धरेल असं.
नळीवरची आडनावं वाचायची नसतात.
मी वाचते. आमच्याच तीन-चार वस्त्यांची.

जनुकांच्या डॉक्टर आल्या, वीरापिन नावाच्या.
काय खातेस, विचारलंच नाही.
म्हणाल्या, मोजे काढ.
माझ्या पोटरीची कातडी चिमटीत धरली,
चिमटीत कातडीच आली फक्त.

पेशीच्या आत केंद्रक, त्याला आतून अस्तर,
त्या अस्तराचा बेत लिहिलेला एका जनुकात.
आमच्यात तिथलं एक अक्षर गळालंय.
पुढचं वाक्य सगळं भलतंच.
म्हणून हातापायांत चरबीला खोली नाही,
म्हणून ती यकृतात, मानेत, रक्तात, दारोदार.
बेघर लोणी, मी म्हणाले.
डॉक्टर हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

कुणी आणलं असेल हे?
जहाजाच्या तळाशी ओकत आलेल्या कुणीतरी,
कॉफीची रोपं, एक लोखंडी कढई,
आणि हे, पेटीत नोंद नसलेलं.
खोरं बंद, सोयरिकी पलीकडच्याच उंबऱ्यात.
शेतं वाटली गेली, भांडणं लागली, बकऱ्या वाटल्या गेल्या.
हे मात्र कधी वाटलं गेलं नाही.
निम्म्या लेकरांना, पण पूर्णच्या पूर्ण.

माझी नळी मीच फिरवली.
ताकासारखी निघाली. असो.

काल शाळेच्या शर्यतीत भाची पहिली आली,
फ्लोरेल, तेरा वर्षांची,
चढावर सगळ्या पोरांना मागं टाकून.
लोक म्हणाले, काय पोटऱ्या आहेत पोरीच्या!
मी टाळ्या वाजवल्या, सर्वांत शेवटपर्यंत.
मग तिला झाडाखाली बसवलं,
म्हटलं, मोजे काढ.
आणि चिमटी घेण्याआधी,
काही कळण्याआधी, काही घडण्याआधी
आधीच सांगून ठेवलं:
तू काहीही चोरून खाल्लेलं नाहीस.

ती बघतच राहिली माझ्याकडे.
तोंडात गोळी होती तिच्या, लिंबाची.